द्विकर्णी कर्णशंबुक रोपण

दोन्ही अंतर्कर्णांतील कर्णशंबुकांत विद्युत् अग्रे बसवून श्रवण तंत्रिकांना थेट उद्दीपित करण्याच्या उपचारास ही संज्ञा लावतात. व्यवहारात हे उपकरण कॉक्लियर इम्प्लांट या नावाने ओळखले जाते. तीव्र संवेदनी बहिरेपणात साध्या श्रवणयंत्राचा पुरेसा उपयोग होत नसल्यास त्याचा अवलंब करतात.

रचना व कार्य : कर्णशंबुक ही गोगलगाईच्या शंखासारखी, सु. अडीच वेढ्यांची नलिका असते. तिच्यातील केशकोशिका ध्वनिकंपनांचे विद्युत् संदेशांत रूपांतर करतात. त्या नष्ट झाल्यास केवळ ध्वनिवर्धन निष्फळ ठरते. रोपणात कानामागील ध्वनिसंस्कारक आवाजाचे निरनिराळ्या कंप्रतांच्या पट्ट्यांत विभाजन करतो. हे संकेत रेडिओ तरंगांद्वारे त्वचेखालील ग्राहीकडे जातात व सामान्यतः १२ ते २२ अग्रांमार्फत तंत्रिकेस पोहोचतात. हे श्रवण नैसर्गिक श्रवणाहून भिन्न असल्याने त्याचा अर्थ लावण्यास मेंदूला शिकावे लागते.

इतिहास : आंद्रे जूर्नो व शार्ल एरिए यांनी १९५७ मध्ये पॅरिस येथे श्रवण तंत्रिकेचे विद्युत् उद्दीपन केले. ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्न येथे बहुअग्री उपकरणाचे रोपण केले. द्विकर्णी रोपणास १९९०–२००० या दशकात चालना मिळाली.

दोन कानांचे प्रयोजन : एका बाजूने येणारा ध्वनी दुसऱ्या कानापर्यंत किंचित उशिरा व डोक्याच्या आडोशामुळे क्षीण होऊन पोहोचतो. या फरकावरून मेंदू ध्वनीची दिशा ठरवितो. जालना–अंबड रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मुलास एका कानाने मोटारीचा आवाज ऐकू आला, तरी ती कोणत्या बाजूने येत आहे हे सहज कळत नाही. गजबजलेल्या वर्गात शिक्षकांचे बोलणे वेगळे करणेही दोन कानांनी सुकर होते. मात्र दोन संस्कारकांचे कार्य काटेकोरपणे समकालिक नसल्याने दिशाज्ञान मुख्यतः तीव्रतेतील फरकावर अवलंबून राहते.

जालना जिल्हा व शासकीय योजना : १९८१ मध्ये निर्माण झालेल्या या जिल्ह्याची बहुसंख्य वस्ती ग्रामीण आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार अंगणवाड्या व शाळांतील मुलांच्या तपासणीत जन्मजात बहिरेपणाचाही समावेश होतो. केंद्र शासनाच्या साहाय्यक उपकरण योजनेखाली लहान बालकांच्या रोपणास अर्थसाहाय्य मिळते; मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) त्याचे समन्वयन करते. हे साहाय्य सामान्यतः एका कानापुरते असल्याने दुसऱ्या कानाचा खर्च बहुधा कुटुंबावर पडतो. शस्त्रक्रियेनंतर संस्कारकाची वारंवार जुळणी व दीर्घकाळ वाचा-प्रशिक्षण आवश्यक असते. त्यासाठीचे शहरातील हेलपाटे, बुडणारी मजुरी, विद्युत् घट व सुटे भाग यांचा भार खेड्यातील पालकांना जड जातो.

जन्मतः बहिऱ्या बालकात मेंदूची श्रवणग्रहणक्षमता पहिल्या साडेतीन वर्षांत सर्वाधिक असते. म्हणून दुसऱ्या कानाच्या खर्चाची जुळवाजुळव होईपर्यंत पहिले रोपण लांबविणे हितावह नसते. एका कानाचे वेळीच झालेले रोपण व घरातील सततचे संभाषण यांतून भाषेचा पाया घातला जातो. दुसरे रोपण नंतर केल्यास त्या कानालाही स्वतंत्र सराव द्यावा लागतो.