नकाशाचे नखरे: चिकलठाणा एक, पत्ते अनेक!

माहीत आहे का, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला एक कोडनेम आहे? ४७ एम/५! सर्व्हे ऑफ इंडियाच्या ज्या टोपोशीटवर चिकलठाणा येतो, तिचा हा नंबर. आणि नव्या ‘ओपन सिरीज’मध्ये तीच शीट होते ई४३एम५. कुणाला सांगितलंत तर स्कूटरचा स्पेअर पार्ट शोधताय असंच वाटेल.

कोड फोडू या? सोप्पं आहे. सगळ्या देशावर चार अंश बाय चार अंशांचे चौकोन आखले, त्यांना नंबर दिले. आपला ४७. त्याचे सोळा तुकडे, ए ते पी. आपला एम. त्या एमचे पुन्हा सोळा तुकडे. आपला पाचवा. झालं! या शीटचं प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. देशभरात अशा शीट्स पाच हजारांहून जास्त आहेत.

आता खरी गंमत. चिकलठाण्याहून गाडी काढा आणि वेरूळला निघा. शहर ४७ एम/५ वर, दौलताबाद ४७ एम/१ वर आणि वेरूळ थेट ४६ पी/४ वर! का? दौलताबाद आणि वेरूळ यांच्या मधून २० अंश उत्तर अक्षवृत्त आडवं जातं आणि तिथेच ४७ संपून ४६ सुरू होतो. एवढीशी सहल, नाश्ता करून निघालात तर जेवायला घरी, पण टोपोशीट लागतात तीन. अजिंठा जोडलात तर ४६ पी/१० घ्या, आणखी एक. म्हणून दुकानात किंवा पोर्टलवर नुसतं ‘संभाजीनगरचा नकाशा द्या’ म्हणू नका. आधी इंडेक्स शीट उघडा, गाव कोणत्या चौकोनात पडतं ते बघा, मग पाकिटाला हात घाला. शेजारची शीट घेऊन येणाऱ्यांचा देशात मोठा पंथ आहे.

माहीत आहे का, नकाशाच्या दुनियेत ‘मोठा’ म्हणजे ‘छोटा’? १:५०,००० हा मोठा स्केल आणि त्यात मावतो छोटासा मुलूख. १:२,५०,००० हा छोटा स्केल, त्यात मावतो भला मोठा मुलूख. गाडीने फिरणाऱ्याला दुसरा पुरे. लेण्यांमागच्या डोंगरात पायी शिरणाऱ्याला पहिलाच हवा, कारण त्यावर ओढा, पाऊलवाट, विहीर सगळं हजर असतं. ‘मोठा नकाशा द्या’ असं बोललात की विक्रेता आणि तुम्ही दोघंही खरे, आणि नकाशा चुकीचा!

बरं, जुनी शीट हाती लागली आणि मोबाइलचं जीपीएस तिच्यावर मांडायला गेलात तर? जुळणार नाही. जुन्या शीट्स ‘एव्हरेस्ट’ नावाच्या पृथ्वीवर बेतलेल्या, मोबाइलची पृथ्वी ‘डब्ल्यूजीएस ८४’. आकारात किंचित फरक आहे, पण विहीर शोधायला गेलेल्याला तो फरक पुरतो. २००५ च्या नकाशा धोरणाने सामान्यांसाठी जी ओपन सिरीज आणली ती मोबाइलवाल्या पृथ्वीवरच आहे. फिरायला नवी, अभ्यासाला जुनी. दोन्ही घेतल्या तर सोन्याहून पिवळं.

आता चिकलठाण्याचा विश्वविक्रम नसला तरी विक्रमच म्हणावा असा पराक्रम. जागेवरून इंचभर न हलता या गावाने चार राज्यं पाहिली! सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं संस्थान. मग भारतातलं हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य. आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. रद्दीच्या दुकानात १९५८ चा शालेय अॅटलस मिळाला आणि त्यात औरंगाबाद ‘बॉम्बे’मध्ये दिसलं तर छपाईची चूक समजू नका. उलट दोन पैसे जास्त द्या, असला नकाशा साडेतीनच वर्षं खरा होता.

जिल्हाही काही कमी नाही. १ मे १९८१ च्या आधीचा जिल्हा नकाशा उघडा, जालन्याचा बहुतेक भाग आपल्या पोटात! आजोबांच्या जन्माचा तालुका शोधताय आणि हातात आजचा नकाशा आहे? बसा शोधत.

शहराच्या नावांचं तर काय सांगावं! १६१० च्या सुमारास मलिक अंबरने वसवलं ते खडकी. त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या नावावरून फतेहनगर. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परतला, तेव्हापासून औरंगाबाद. मुघली कागदांत पुन्हा ‘खुजिस्ता बुनियाद’ हा रुबाब वेगळा. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. इंडेक्सात शोधायचं तर चार अक्षरांखाली बोट फिरवा! वर सापळे आहेतच. ‘खडकी’ उघडलं तर पुण्याची निघते, जिला जुने इंग्रजी नकाशे ‘किर्की’ म्हणतात, आणि ‘औरंगाबाद’ उघडलं तर बिहारचं. संशोधनासाठी अॅटलस घेताना मी सगळ्यात आधी शेवटची पानं चाळतो. इंडेक्समध्ये जुनी नावं आणि अक्षांश-रेखांश दिले असतील तर पुस्तक कामाचं. नुसती रंगीत चित्रं असतील तर ते दिवाणखान्यात शोभेल.

मग घ्यायचं कोणतं? दोन दादा पुस्तकं आहेत. पहिलं जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांचं ‘अ हिस्टॉरिकल अॅटलस ऑफ साउथ एशिया’, १९७८, शिकागो विद्यापीठ. अश्मयुगापासून विसाव्या शतकापर्यंत सगळं एका जिल्दीत. आणि गुड न्यूज: हे अख्खं पुस्तक ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’वर फुकट बघता येतं. कपाटही वाचलं, पाठही वाचली.

दुसरं इरफान हबीब यांचं ‘अॅन अॅटलस ऑफ द मुघल एम्पायर’, १९८२. यात प्रत्येक प्रदेशाचे दोन नकाशे: ‘ए’ राजकीय, ‘बी’ आर्थिक. एकावर सुभे, सरकार, किल्ले. दुसऱ्यावर पिकं, खाणी, कारखानदारी, रस्ते. आणि प्रत्येक ठिपका कुठून आला याच्या टिपा सोबत. मुघल काळावर काम करणार असाल तर माझं मत हबीबांना. ‘सगळंच थोडं थोडं’ हवं असेल तर श्वार्ट्झबर्ग. नकाशाखाली आधाराचा पत्ता नसलेलं तिसरं कुणी असेल, तर ते पुस्तक हळूच शेल्फवर परत ठेवा.

कारण माहीत आहे का, मोठी माणसंही नकाशात गंमत करून बसतात? जेम्स रेनेल म्हणजे ‘बेंगाल अॅटलस’वाला, भारताच्या नकाशाशास्त्रातलं केवढं नाव! याच रेनेलने १७९८ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर ‘कॉंग पर्वत’ काढला. अख्खी रांग! पुढच्या नकाशेवाल्यांनी ती इमानेइतबारे कॉपी केली, जवळजवळ शतकभर. मग फ्रेंच अधिकारी बिंझे तिकडे जाऊन आला. पर्वत? नव्हताच!

उलट कधी नकाशा गप्प असतो आणि अक्कल बोलते. २३ सप्टेंबर १८०३, आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं असई. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूमुळे गाजलेला वेलिंग्टन. मधे केळणा नदी. वाटाडे सांगतात, इथे उतार नाही. साहेबाने पाहिलं, नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर, पिंपळगाव आणि वरूड. म्हणाला, एवढी जवळ गावं आणि मधे ये-जा नाही, असं होईलच कसं? उतार निघाला, सैन्य पार झालं आणि लढाई त्याने जिंकली. आपल्या बाजूने वाचताना टोचतं, पण गावांच्या ठिपक्यांवरून नदीचा उतार वाचणं याला म्हणतात नकाशा-साक्षरता. आजच्या टोपोशीटवर हीच ट्रिक करून बघा.

विदर्भवाल्यांनो, तुमचाही नंबर! जगातल्या अफाट मोजण्यांपैकी एक, ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’, १८०२ मध्ये मद्रासेत सुरू झाली. ती सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये वारला कुठे? वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. कबरही तिथेच. त्याचा थिओडोलाइट होता अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना तो आपटला आणि लॅम्ब्टनने स्वतः बसून कित्येक आठवडे दुरुस्त केला. वॉरंटी नव्हती ना! आणि नागपूरचा झिरो माइल? त्या खांबावर १९०७ आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंद आहे. तीन दशांश, बोला!

आणि आपल्या गुंठ्याचं गणित? जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ऐतिहासिक संशोधनात लोक जगभरचे अॅटलस धुंडाळतात आणि गावनकाशा विसरतात. शिव, गाडीवाट, नाला, गट नंबर, सगळं त्यात. राज्याच्या ‘महाभूनकाशा’ पोर्टलवर तो घरबसल्या बघा. वाड्याची, गढीची, बुजलेल्या बारवेची जागा कधी कधी याच्याच वाकड्या रेषेत सापडते.

नकाशाच नको असणारेही प्रवास करत होतेच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाचा कर्ता सांगतो, भडोचहून पैठण वीस दिवस, तिथून पूर्वेला तगर, म्हणजे आपलं तेर, आणखी दहा दिवस. चित्र नाही, नुसता ईटीए!

माहीत आहे का, नकाशा बोटांनीही वाचता येतो? कोलकात्याच्या ‘नॅटमो’ या नकाशा संस्थेने, जिने १९५७ मध्ये पहिला राष्ट्रीय अॅटलस चक्क हिंदीत काढला, तिनेच दृष्टिहीनांसाठी ब्रेल अॅटलसही तयार केला. उठावाच्या रेषा, उठावाच्या नद्या.

जाता जाता एक वजनदार माहिती. २०१२ चा ‘अर्थ प्लॅटिनम’ हा जगातला महाकाय अॅटलस. उंची १.८ मीटर, वजन १५० किलो, प्रती फक्त ३१. समजा तुम्ही घेतलाच आणि विमानाने चिकलठाण्याला उतरवायचा ठरवला. चेक-इन बॅगेज माणशी १५ किलो धरलं, तर एका पुस्तकासाठी तिकिटं काढावी लागतील दहा!