साथीदार पांगल्यावर

औंढ्याहून वसमतकडे निघाले की वाटेत शिरड शहापूर लागते. या पट्ट्यातल्या गावांनी लग्नाच्या वरातीचे रूप पालटताना पाहिले आहे. पूर्वी नवरदेवापुढे बँडपथक चालायचे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल, ताशा मिळून दहा-बारा माणसे असत. पुढे गाडीवर कीबोर्ड आणि भोंगे चढले. पथके मोडली, वाजवणारे मजुरीला लागले आणि एखादाच यंत्रापुढे उरला. त्याला कलावंत म्हणावे, की इतरांच्या पोटावर पाय देणारा?

या प्रश्नापाशी मुंबईच्या चरणजित सिंग यांची आठवण होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते गिटार आणि बेस गिटार वाजवत. शंभर जणांच्या ताफ्यात बसून दुसऱ्याच्या गाण्याला साथ द्यायची, हा त्यांचा धंदा. १९८२ साली मात्र ते तीन जपानी यंत्रे घेऊन एकटेच ध्वनिमुद्रणाला बसले. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. भैरवी, ललत, यमन, मालकंस अशा दहा रागांना त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बसवले.

टीबी-३०३ची जन्मकथा मोठी बोलकी आहे. साथीला बेसवादक नसलेल्या गिटारवादकाला एकट्याने सराव करता यावा, म्हणून रोलंड कंपनीने ते काढले होते. माणसाची नक्कल त्याला साधेना आणि १९८४मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती. आपल्या कानाला ती मींडेच्या जवळची वाटते. चरणजितांना त्यात राग दिसला, तो आयुष्यभर माणसांच्या संगतीत वाजवल्यामुळेच.

तबकडी खपली नाही. १९८७मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार जगापुढे आणला, तेव्हा मुंबईच्या या वादकाचे नाव तिथे कुणाच्या गावीही नव्हते. २०१०मध्ये एका डच कंपनीने ती तबकडी पुन्हा काढली आणि सत्तरीतल्या चरणजितांना युरोपातून बोलावणी येऊ लागली. २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

दरम्यान, ज्या वाद्यवृंदात ते घडले तेही कीबोर्डपुढे ओसरत गेले. ही हानी कुठल्याही तबकडीने भरून येणारी नाही. तरीही वरातीतल्या त्या एकट्या वादकाला सरसकट दोष देववत नाही. तयार ताल बटणासरशी सुरू होतो. पण कुठे थांबायचे, कुठे क्लॅरिनेटवाल्याला जागा सोडायची, हे त्याने पथकातच शिकलेले असते. क्लॅरिनेटवाला आता शेजारी नसतो. त्याची जागा तेवढी बोटांत राहते. उद्या थेट यंत्रापुढेच बसणाऱ्या पोराला ती कोण दाखवणार?