वेल ते प्याला (भाग ६) : एका वाणाने का भागत नाही?

मागच्या भागात लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या साली काय काम करतात ते पाहिले. पांढऱ्या वाइनमध्ये साली आंबवण्याआधीच बाजूला होतात. उरतो निव्वळ रस, त्यामुळे रसातली उणीव झाकायला काही नसते. दख्खनच्या उन्हात ही उणीव बहुधा आंबटपणाची असते. मणी पिकतो तशी साखर चढते आणि आम्ल उतरते. हवा उष्ण असेल तर ते अधिकच वेगाने उतरते.

दख्खनला द्राक्ष मात्र नवे नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या प्रवासी इब्न बतूताने लिहून ठेवले आहे, की इथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. युरोपात वेल थंडीत झोपी जातो, आपल्याकडे तेवढी थंडीच पडत नाही. म्हणून आजचा बागायतदार वेल दोनदा छाटतो, पण पीक एकदाच घेतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. घड पिकतात जानेवारी ते मार्चमध्ये. हंगामाच्या सुरुवातीच्या थंड रात्रींत मण्यातले आम्ल टिकते.

उरलेले काम मिश्रणाने होते. शेनँ ब्लाँ उन्हातही आंबटपणा धरून ठेवतो, सोव्हिन्यों ब्लाँ सुगंध देतो, शार्दने भरदारपणा. प्रत्येक वाण आपल्या वेळी खुडायचा, वेगळ्या टाकीत आंबवायचा आणि शेवटी चाखत चाखत प्रमाण ठरवायचे. फ्रान्सच्या बोर्दोत सोव्हिन्यों आणि सेमियों असेच जुन्या काळापासून एकत्र येतात. आपल्याकडचे उदाहरण अकलूजचे. तिथल्या फ्रातेल्ली या वाइनरीने इटालियन वाइनकार पिएरो मासी आणि ब्रिटिश जाणकार स्टीव्हन स्परियर यांच्या आद्याक्षरांवरून ‘एम/एस’ ही वाइन काढली. तिच्या पांढऱ्या प्रकारात शार्दने आणि सोव्हिन्यों आहेत. १९७६ साली पॅरिसमध्ये कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रेंच वाइनना भारी ठरल्या, ती चाचणी भरवणारे हेच स्परियर.

पण टाकीत कितीही कसब दाखवले, तरी मळा कच्चा असेल तर वाइन उभी राहत नाही. खाण्याच्या द्राक्षाला टपोरा मणी हवा, म्हणून घड जिबरेलिक आम्लात बुडवतात. वाइनला लहान मणी आणि कमी घड चालतात, त्यामुळे ही बुडवणी वाचते. ठिबक, वरंब्यावर पाचटाचे आच्छादन, डॉगरिजसारख्या काटक खुंटावरचे कलम, ओळींत खेळती हवा ठेवून भुरी आणि केवडा या रोगांवरच्या फवारण्या कमी करणे, ही शाश्वत शेतीची रोजची कामे आहेत.

मराठवाड्यात मात्र यातले पाण्याचे काम सर्वांत मोठे. बाटलीवर ‘शाश्वत’ लिहिलेले दिसले, तर सौरऊर्जेचे नंतर विचारा. मळ्याला पाणी कुठून येते आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर आणखी कोणाचा हक्क असतो, हे आधी विचारा.

(पुढील भागात : वाइनची साठवण आणि तापमान)