'सपोज्ड टू' म्हणजे नेमकं काय?



परवा आमची नात इंग्रजीचा गृहपाठ घेऊन शेजारी येऊन बसली. "आजी, सपोज म्हणजे 'समजा' ना? मग 'आय ॲम सपोज्ड टू क्लीन माय रूम' म्हणजे काय? मी खोली साफ करते असं समजा?" आम्हांला हसू आलं. पण लगेच पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची आमचीच एक चूक आठवली.

तेव्हा आम्ही मुंबईत नर्सिंग शिकत होतो. शाळा मराठी, पण तर्खडकरांची पाठमाला घोकलेली, त्यामुळे इंग्रजी येतं असा गर्व. एका बाईंचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. राऊंडला डॉक्टर म्हणाले, "यू आर नॉट सपोज्ड टू ईट ऑर ड्रिंक आफ्टर मिडनाइट." बाई कोकणातल्या, इंग्रजीचा गंध नाही. आम्ही ऐटीत सांगितलं, "रात्री बारानंतर खायची-प्यायची गरज नाही."

सकाळी पाहतो तर कपभर चहा आणि दोन बटर पोटात! "गरज नव्हती गो, पण घशाला कोरड पडली," बाई म्हणाल्या. ऑपरेशन पुढे ढकललं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. सिस्टरांनी आम्हांला फैलावर घेतलं आणि ते योग्यच होतं. 'नॉट सपोज्ड टू' म्हणजे 'गरज नाही' नव्हे, तर 'करायचं नाही', मनाई! (हल्ली साधं पाणी दोन तास आधीपर्यंत पुष्कळ ठिकाणी चालतं, पण आपले डॉक्टर सांगतील तेच पाळावं.)

आता नीट पाहू. 'सपोज' म्हणजे समजणे, धरून चालणे. 'सपोज्ड' हा त्याचा कर्मणी प्रयोग, म्हणजे 'असं धरलेलं आहे'. कोणी धरलं? ते सांगत नाहीत. कधी डॉक्टरांनी, कधी आईने, कधी चार लोकांनी. म्हणूनच मराठीत त्याला एक शब्द पुरत नाही.

नियम असेल तर 'यचं असतं' म्हणावं. "यू आर सपोज्ड टू टेक इट आफ्टर फूड", म्हणजे ही गोळी जेवणानंतर घ्यायची असते.

ठरलेलं असेल तर "द बस इज सपोज्ड टू कम ॲट फाइव्ह", म्हणजे बस पाचला यायला हवी. येईलच असं नाही हं!

ऐकीव गोष्ट असेल तर आपला 'म्हणे' आहेच. "द फिल्म इज सपोज्ड टू बी गुड", म्हणजे सिनेमा म्हणे चांगला आहे.

मुलांनो, तुम्हांला तर हे आमच्यापेक्षा सोपं आहे. हिब्रूत आपण 'अमूर' म्हणतो, मुलगी असेल तर 'अमुरा'. "माखार अमूर लारेदेत गेशेम", उद्या पाऊस पडायला हवा. या 'अमूर'चा मूळ अर्थ 'सांगितलेलं'. आणि आपला 'म्हणे' हाही म्हणण्यावरूनच आला! इंग्रज 'धरतो', आपण 'म्हणतो', एवढाच फरक. हे सांगताच नात म्हणाली, "अनी अमुरा! असं आधी सांगायचं ना आजी!"

सगळ्यांत फसवं रूप आहे 'वॉज सपोज्ड टू'. "आय वॉज सपोज्ड टू ब्रिंग पोहे." मलिद्यासाठी पोहे आणायचे होते. आणले का? बहुतेक नाही! घरात यावर हसून भागतं, वॉर्डात भागत नाही. ड्यूटी बदलताना कोणी म्हणालं, "सहाचं इंजेक्शन द्यायचं होतं," तर ते दिलं की राहिलं? दोनदा दिलं तरी धोका, राहिलं तरी धोका. म्हणून आमच्या सिस्टरांची शिस्त अशी की 'दिलं' किंवा 'दिलं नाही' एवढंच लिहायचं, वेळ टाकायची आणि सही करायची. ती सवय आम्ही निवृत्त होईपर्यंत सोडली नाही.

एक बारीक गोष्ट. बोलताना 'सपोज्ड'मधला शेवटचा 'ड' ऐकू येत नाही, म्हणून मुलं तो लिहायला विसरतात. ऐकू आला नाही तरी लिहायचा. दे आर सपोज्ड टू!

आमच्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगणं की मुलगा परदेशातून औषध पाठवतो, त्यावर इंग्रजीत सूचना असतात. 'नॉट सपोज्ड टू' दिसलं की ती मनाई समजा. शंका आली तर लाजू नका, फार्मसीत सरळ विचारा, "हे घेतलं तर चालेल, की अजिबात घ्यायचं नाही?" ज्या भाषेत जमेल त्या भाषेत विचारा.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. आजी-आजोबांजवळ बसून 'सपोज्ड टू'ची पाच वाक्यं करा, ती हिब्रूत सांगा आणि मराठीत त्यांच्याकडून वदवून घ्या. आमच्या नातीने पहिलं वाक्य केलं, "आजी वॉज सपोज्ड टू मेक चिक्क्या."

उठलो बाई, करतो!