८३ मुलांचा हिशेब

कोरोनाची लागण झालेल्या दर दहा लाख मुलांमागे ३१६. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांतल्या अमेरिकेच्या सात भागांमधल्या नोंदी तपासून हा आकडा काढला गेला. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांच्या शरीरात तीव्र दाह उसळतो आणि हृदय, आतडी, रक्त, त्वचा असे अनेक अवयव एकाच वेळी आजारी पडतात. या आजाराचं पूर्ण नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला एमआयएस-सी म्हणतात. २१ वर्षांखालच्या मुलांमधलं त्याचं हे प्रमाण. साधारण तीन हजार मुलांत एक.

तीन हजारांत एक म्हणजे फारच थोडे, असं वाटून आपण पुढे जातो. म्हणून हाच आकडा गोंदिया जिल्ह्यावर लावून पाहू.

२०११ च्या जनगणनेत गोंदियाची लोकसंख्या होती १३,२२,५०७. त्यातले एक तृतीयांश २० वर्षांखालचे धरले तर ४ लाख ४० हजार होतात, आणि हे मुद्दाम कमीच धरलं आहे. जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरने चौथं राष्ट्रीय सिरो सर्वेक्षण केलं. त्यात ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयाच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली. सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते, गोंदिया नव्हता. तरीही ६० टक्के धरून चालू. म्हणजे लागण झालेली मुलं २ लाख ६४ हजार. दहा लाखांत ३१६ या हिशेबाने त्यातल्या ८३ मुलांना एमआयएस-सी व्हायला हवा होता.

ही ८३ मुलं कुठल्याही दप्तरात मोजलेली नाहीत, हा माझा अंदाज आहे. परदेशातला दर इथे जसाच्या तसा लागू पडेल असंही नाही. पण आकडा साठ असो की शंभर, तो तालुक्यांत वाटला की काय होतं ते पाहा. आठ तालुके, प्रत्येकी दहा मुलं. पहिल्या दोन लाटांचे मिळून सोळा महिने धरले तर एका तालुक्यात दीड महिन्याला एक मूल. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या डॉक्टरांसमोर त्याच दीड महिन्यात तापाची शेकडो मुलं येऊन जातात. अनुभवाने हा आजार ओळखता येणार नाही, कारण अनुभव जमण्याइतके रुग्ण एका माणसाच्या वाट्याला येतच नाहीत. जिल्ह्याची बेरीज केली तरच तो दिसतो. माझ्या मते या आजाराची खरी अडचण हीच आहे.

शिवाय ही मुलं वर्षभर सारखी विखुरलेली नसतात. मोठ्यांची लाट ओसरल्यावर चार-सहा आठवड्यांनी ती एकदम येतात. एप्रिल २०२१ ची लाट म्हटली की मे-जून. घरातलं आजारपण संपलं, कोविड केंद्रं रिकामी झाली, आणि तेव्हा धाकट्याला ताप.

त्या तापाचं रूपही फसवं असतं. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या २६ राज्यांमधल्या १८६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरोना म्हटलं की आपलं लक्ष छातीकडे जातं, पण यातल्या ९२ टक्के मुलांना पोटाचा त्रास होता: दुखणं, उलट्या, जुलाब. ८० टक्के मुलांच्या हृदयावर किंवा रक्ताभिसरणावर परिणाम झाला होता आणि तितक्याच मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. ७३ टक्के मुलं त्याआधी ठणठणीत होती. मृत्यू झाले चार, म्हणजे २ टक्के.

मुंबईतल्या चार रुग्णालयांमधल्या २३ मुलांची माहितीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. वयाचा मध्य ७.२ वर्षं. ६५ टक्के मुलं आली तीच शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत. २६ टक्के मुलांच्या हृदयाच्या धमन्या फुगलेल्या होत्या. एक मूल दगावलं. २३ हा आकडा लहान आहे, त्यावरून मृत्युदर काढू नये. पण शॉकमध्ये पोचणाऱ्यांचं प्रमाण मला महत्त्वाचं वाटतं, कारण ती मुलं मुंबईत होती आणि मोठं रुग्णालय त्यांच्यासाठी शहरातच होतं. गोंदियाच्या मुलाला नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या रुग्णालयांत नेतात तेव्हा रेल्वेनेच सुमारे १३० किलोमीटर होतात, आणि त्याआधी दरेकसा किंवा केशोरीहून गोंदियाला यायचं असतं. २०१६ पासून गोंदियात वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे पहिला टप्पा तरी जवळ आला.

ताप आणि पोटदुखी घेऊन आलेल्या मुलात इथला डॉक्टर आधी काय शोधेल? मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू, पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस. पूर्व विदर्भात सिकलसेलही आहे, तो असलेल्या मुलात पोटदुखी म्हटलं की क्रायसिस, म्हणजे त्या आजाराचा तीव्र वेदनांचा झटका, डोळ्यांसमोर येतो. पोट फारच दुखत असेल तर अपेंडिक्स. हे सगळं शोधणं बरोबरच आहे. एमआयएस-सीच्या व्याख्येतच दुसरा संसर्ग नसल्याची खात्री करायला सांगितलं आहे. फक्त त्या यादीत आणखी एक प्रश्न हवा: गेल्या दीड महिन्यात घरात कोणाला सर्दी-ताप, कोरोना झाला होता का? तो विचारायला पैसे लागत नाहीत, आणि आशाताईला त्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच माहीत असतं.

दुसरी बिनखर्चाची गोष्ट बोटांवर कळते. मुलाचं नख दाबायचं, पांढरं पडलं की सोडायचं आणि गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त लागत असेल, हातपाय गार असतील, तर ते मूल शॉककडे चाललं आहे. रक्तदाबासाठी एक सोपं गणित आहे: वयाची दुप्पट करून त्यात ७० मिळवायचे. आठ वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब ८६ च्या खाली असेल तर तो कमी आहे. मात्र त्यासाठी मुलांच्या दंडाला बसणारा छोटा पट्टा हवा. मोठ्यांचा पट्टा बारीक दंडावर गुंडाळला की रक्तदाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि सगळा हिशेब चुकतो.

तपासण्यांचंही तसंच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमधल्या पहिल्या पायरीवर काहीही महागडं नाही. दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांपैकी सीआरपी लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर किंवा ईएसआर ४० च्या वर, आणि सोबत प्लेटलेट दीड लाखाखाली, लिम्फोसाइट हजाराखाली किंवा सोडियम १३५ खाली, यांपैकी एक तरी. असं दिसलं तर पुढची पायरी, म्हणजे हृदयाचा इको आणि ट्रोपोनिन वगैरे. पहिल्या पायरीसाठी मुलाला नागपूरला न्यायची गरज नाही.

उपचारांत आकडे सगळ्यात बोलके आहेत. आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडं, किलोमागे २ ग्रॅम देतात. २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या आठ बाटल्या. त्याचा खर्च लाखाच्या आसपास जाऊ शकतो. दुसरं औषध मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, किलोमागे दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम. त्याच मुलाला दिवसाला ४० मिलिग्रॅमची एक छोटी बाटली पुरते, आणि ती काही शे रुपयांत भागते. जून २०२१ मध्ये ३२ देशांतल्या ६१४ मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. फक्त आयव्हीआयजी, दोन्ही एकत्र, किंवा फक्त स्टेरॉइड, यांच्या परिणामात ठळक फरक दिसला नाही. तो यादृच्छिक चाचणीचा अभ्यास नव्हता, आणि अनेक तज्ज्ञ आजही दोन्ही एकत्र देणंच पसंत करतात. तरी आठ बाटल्या हाताशी नसलेल्या डॉक्टरसाठी ही माहिती फार मोलाची आहे. अर्थात स्क्रब टायफस किंवा जिवाणू संसर्गाची शंका असेल तर त्यावरची औषधं सोबत सुरू हवीत, आणि सिकलसेलच्या मुलात स्टेरॉइड विचार करूनच द्यावं लागतं, कारण त्याने क्रायसिस उद्भवू शकतो.

इस्रायलमध्ये १८ वर्षांखालच्या दर एक लाख रुग्णांमागे एमआयएस-सीचं प्रमाण अल्फाच्या लाटेत ५४.५ होतं, डेल्टात ४९.२ आणि ओमायक्रॉनमध्ये ३.८. अमेरिकेचे दहा लाखांत ३१६ म्हणजे लाखात ३२ आणि इस्रायलचे ५४, असं का? इस्रायलने भागाकार तपासणीत सापडलेल्या रुग्णांनी केला, तर अमेरिकेच्या अभ्यासाने न सापडलेली लागणही अंदाजाने धरली. छेद बदलला की दर बदलतो, म्हणून असे दोन आकडे शेजारी ठेवून देशांची तुलना करू नये. एकाच देशातली घसरण मात्र खरी आहे. लसीचाही त्यात हात आहे. अमेरिकेत १२ ते १८ वयोगटात फायझरच्या दोन डोसांनी एमआयएस-सीपासून ९१ टक्के संरक्षण मिळाल्याचं जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. भारतात १५ ते १८ वयाच्या मुलांचं लसीकरण त्याच महिन्यात सुरू झालं, दुसरी लाट येऊन गेल्यावर.

हा दाह नेमका कशामुळे होतो, याचा एक धागा ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. एमआयएस-सी झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या शरीरात एसएनएक्स-८ या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं होती, आणि या प्रथिनाचा एक तुकडा विषाणूच्या तुकड्याशी मिळताजुळता आहे. उरलेल्या दोन तृतीयांश मुलांचं कोडं सुटायचं आहे.

कोरोना मागे पडला तरी याच घराण्यातला जुना कावासाकी आजार मुलांना होतोच आहे. जपानमधले डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये ५० मुलांच्या नोंदींवरून त्याचं वर्णन केलं. उपचार न झालेल्या सुमारे २५ टक्के मुलांच्या हृदयाच्या धमन्यांना फुगे येतात. आयव्हीआयजी पहिल्या दहा दिवसांत दिलं तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं. निदानासाठी सहसा पाच दिवसांचा ताप धरतात. म्हणजे हातात उरतात पाच दिवस, आणि त्यांतच मलेरियाची तपासणी, गावातलं औषध, तालुक्याची चिठ्ठी आणि गोंदियाहून नागपूरची गाडी हे सगळं बसवावं लागतं.