पाळीवर, धुऱ्यावर मिनी ट्रॅक्टर का उलटतो? उताराचे गणित समजून घ्या

गोंदिया : पावसाळा सरता सरता धानाच्या बांध्यांचे धुरे आणि तलावांच्या पाळी गवत-झुडपांनी झाकून जातात. पूर्वी हे काम विळा-कोयत्याने व्हायचे. आता मजूर मिळत नाहीत आणि मिनी ट्रॅक्टर दारात उभा असतो. मागे गवत कापणारे यंत्र जोडले की काम तासाभरात आटोपते. मात्र सपाट बांधीत निमूट चालणारा हाच ट्रॅक्टर पाळीच्या उतारावर काही सेकंदांत चालकाच्या अंगावर येऊ शकतो. पाळीच्या एका बाजूला तलावाचे पाणी असेल, तर धोका दुप्पट.

गोंदियात हा प्रश्न महत्त्वाचा का?

गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. नवेगावबांधसारख्या मोठ्या तलावापासून गावोगावच्या मामा तलावांपर्यंत आणि शेतातल्या बोड्यांपर्यंत, जिकडे पाणी तिकडे मातीची पाळ. पाळीवर झुडपे माजली की मुळे खोल जातात, ती कुजली की पोकळी राहते आणि पाणी झिरपू लागते. त्यामुळे पाळ साफ ठेवणे गरजेचेच आहे.

दुसरीकडे लहान ट्रॅक्टर वाढत आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचतगटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधने ९० टक्के अनुदानावर देण्याची राज्य शासनाची योजना आहे. ‘लहान आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हा समज मात्र चुकीचा. लहान ट्रॅक्टरच्या चाकांमधले अंतरही कमी असते. अरुंद धुऱ्यावर जाण्यासाठी जे सोयीचे, तेच तोल सांभाळायला गैरसोयीचे.

ट्रॅक्टर उलटतो कसा?

ट्रॅक्टरच्या सगळ्या वजनाचा एक मध्यबिंदू असतो. त्यातून सरळ खाली ओढलेली रेषा चारही चाकांच्या आत पडते, तोवर ट्रॅक्टर उभा राहतो. उतारावर ही रेषा खालच्या बाजूच्या चाकाकडे सरकते. ती चाकाबाहेर गेली की ट्रॅक्टर कलंडतो.

ही रेषा बाहेर ढकलायला फार काही लागत नाही. वरच्या बाजूचे चाक दगडावर चढले किंवा खालचे चाक उंदराच्या, खेकड्याच्या बिळात खचले, तरी पुरते. मागचे अवजार उंच उचललेले असेल तर मध्यबिंदू वर जातो. वेगात वळण घेतले तर बाहेर फेकणारा जोर वाढतो. वेग दुप्पट झाला, तर हा जोर चौपट होतो.

मागे उलटण्याचा प्रकार याहून घातक. चढावर झटक्यात क्लच सोडला किंवा चिखलात रुतलेल्या चाकाला लाकूड बांधून रेस दिली, की चाक जागेवर अडते आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते. पूर्ण उलटायला जेमतेम दीड सेकंद लागतो. तेवढ्यात उडी मारणे शक्य होत नाही.

उतार किती, हे कसे मोजायचे?

बसून चालवण्याच्या गवत कापणी यंत्रांच्या अनेक माहितीपुस्तिका १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर जाऊ नका, असे सांगतात. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा असेल, तर तीच पाळावी.

मोजणी सोपी आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. तिचे एक टोक उतारावर टेकवा आणि काठी उताराच्या दिशेने आडवी धरा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली तिच्यावर ठेवली की काठी समपातळीत आहे का, ते कळते. आता दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा.

• १८ सेंमी : सुमारे १० अंश
• २७ सेंमी : सुमारे १५ अंश. इथे थांबा.
• ५० सेंमी : सुमारे २७ अंश

अनेक मोबाइलमधील कोन मोजणारे ॲपही काठीवर ठेवून वापरता येते.

मातीच्या पाळीला साधारण दोन फूट आडव्याला एक फूट उंची, असा उतार दिला जातो. म्हणजेच सुमारे २७ अंश. याचा अर्थ स्पष्ट आहे : पाळीचा माथा रुंद आणि टणक असेल तर तिथे ट्रॅक्टर चालेल, पाळीच्या कुशीत तो घालूच नये. कुशीतले गवत विळ्याने किंवा खांद्यावरच्या ब्रश कटरनेच कापावे.

कमी उतारावर काम करताना

• आधी पायी फिरा. दगड, बिळे, खुंट यांवर काठ्या रोवून खुणा करा.
• गवत ओले असेल तर काम पुढे ढकला.
• आडवे न चालता उताराच्या रेषेत वर-खाली चाला. वळण सपाट जागीच घ्या.
• उतरण्याआधीच लहान गिअर टाका. उतारावर क्लच दाबू नका, न्यूट्रल करू नका.
• दोन्ही ब्रेकचे पायडल एकमेकांना जोडून ठेवा. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.
• फोर व्हील ड्राइव्ह असेल तर उतरताना चालू ठेवा. पुढच्या चाकांचीही पकड मिळते.
• अवजार शक्य तितके खाली ठेवा.
• कडेपासून खोलीइतके अंतर राखा. नाली चार फूट खोल असेल, तर चाक चार फूट दूर.
• धुरा ओलांडायचा असेल तर आधी तो छाटून उतार सौम्य करा, मग सरळ रेषेत, सावकाश पार करा.
• मडगार्डवर कोणालाही बसवू नका. यंत्राच्या आसपास मुले नकोत; पात्याखालून दगड गोळीसारखा उडतो.

सुरक्षा कमान आणि पट्टा

चालकाच्या मागे उभी असणारी मजबूत लोखंडी कमान म्हणजे ‘रोप्स’. ट्रॅक्टर उलटला तरी ती चालकाभोवती जागा राखते. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरना ती सक्तीची केली. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या मते, कमान आणि सीटचा पट्टा दोन्ही वापरले तर उलटण्यातील मृत्यू ९९ टक्के टळू शकतात. आपल्याकडे अनेक ट्रॅक्टर कमानीविनाच विकले जातात. खरेदी करतानाच विक्रेत्याकडे ती मागावी. गावात वेल्डिंग करून बनवलेली कमान भार सहन करेलच, याची खात्री नसते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी : कमान उभी असेल तरच पट्टा बांधायचा. कमान नसताना किंवा दुमडलेली असताना पट्टा बांधला, तर चालक ट्रॅक्टरखालीच अडकतो.

अपघात झालाच तर

इंजिन बंद करा, १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. घाईने ट्रॅक्टर ओढू नका. तो पुन्हा घसरू शकतो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कुटुंबाला २ लाख रुपयांची मदत आहे. त्यासाठी ३० दिवसांत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात प्रस्ताव द्यावा लागतो.

ती वेळ येऊ नये, यासाठी यंदा पाळीवर चाक घालण्याआधी पाच मिनिटे काठी धरून उतार मोजलेला बरा.