पिस्टन आणि जोडदांडा यांची सांधणी

दिल्लीजवळील फरिदाबाद येथे एस्कॉर्ट्स कंपनीच्या कारखान्यात राजदूत ही मोटारसायकल अनेक वर्षे तयार होत असे. पोलंडमधील एसएचएल एम-११ ह्या गाडीवरून तिची घडण झाली होती. उत्तर भारतातील दूधवाले तिच्या दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या अडकवून शहर गाठीत. तिचे उत्पादन थांबले असले तरी जुन्या राजदूतचे एंजिन घरीच उघडणारे हौशी लोक आजही आढळतात. दिल्लीच्या काश्मिरी गेट भागात सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तेथून नवा पिस्टन आणला, तरी तो बसवावा कसा, हे जाणणे अगत्याचे असते.

राजदूतचे एंजिन एका सिलिंडरचे, १७३ घन सेंटिमीटरचे व दोन धावांचे आहे. त्यात पिस्टन वरखाली होतो आणि जोडदांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, ती गती क्रँकला देऊन तिचे फिरणे घडवितो. ह्या दोहोंना सांधणाऱ्या पोलादी पिनेस कारागीर गजन पिन म्हणतात. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता पिस्टन सेकंदाला १०० वेळा थांबून उलट दिशेने निघतो. तो सारा भार ह्या लहानशा पिनेवर पडतो.

थंड पिस्टनमध्ये पिन घट्ट बसते, आणि ते योग्यच होय. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. उष्णतेने तो पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावतो व एंजिन तापल्यावर पिन आपोआप मोकळी होते. जानेवारीच्या थंडीत ही घट्ट पिन हातोडीने ठोकण्याचा मोह होतो. परंतु जोडदांडा क्रँकवरच असतो. आडव्या आघाताने तो वाकतो, आणि मग पिस्टन तिरका चालून सिलिंडर झिजवितो.

ह्यावर उपाय उष्णतेचाच आहे. पिस्टन उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवावा. पिन मात्र थंडच असू द्यावी. तापमान ८० अंश सेल्सिअसने वाढले, तर १५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र सुमारे ०.०२४ मिलिमीटरने रुंदावते. एवढ्या फरकाने तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकते.

तत्पूर्वी क्रँकपेटीचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे, म्हणजे काही आत पडणार नाही. पिस्टनच्या माथ्यावर बाण असल्यास त्याचे टोक धूर बाहेर जाण्याच्या द्वाराकडे ठेवावे. दिशा चुकल्यास कड्यांची टोके द्वारात अडकून मोडण्याचा संभव असतो. पिनेच्या दोन्ही टोकांस सर्क्लिप नव्याच घालाव्यात व त्या खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करावी. एखादी निसटली, तर पिन बाहेर सरकून सिलिंडरची भिंत खरवडते.

शेवटी पिस्टन हाताने झुलवून पाहावा. थंड झाल्यावरही तो जोडदांड्यावर न अडखळता झुलला, तर सांधणी साधली असे समजावे.